औषधांतलं ग्लूटेन: सीलिॲक असलेल्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळीत ग्लूटेन येतंच कसं?

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतलं प्रथिन. सीलिॲक या आजारात ते पोटात गेलं की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, म्हणून ग्लूटेन टाळण्याचं पथ्य पाळावं लागतं. गोळीत खरं औषध बरेचदा अगदी थोडं असतं. थायरॉइडच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एवढीशी भुकटी बोटांत धरताही येत नाही, त्यामुळे तिला आकार आणि वजन द्यायला इतर पदार्थ घालावे लागतात. या पदार्थांना निष्क्रिय घटक किंवा एक्सिपियंट म्हणतात. त्यांतले काही भर घालतात, काही गोळी बांधून ठेवतात, काही पोटात गेल्यावर ती फुटावी म्हणून असतात, तर काही ती यंत्राला चिकटू नये म्हणून.

यांतली बरीच कामं स्टार्च करतो. तो भर घालतो, ओला करून शिजवला की बांधतो, आणि पाणी शोषून फुगला की गोळी फोडतो. औषधांत वापरला जाणारा स्टार्च बहुतेक वेळा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, कधी टॅपिओकाचा किंवा तांदळाचा. क्वचित तो गव्हाचा असतो. सीलिॲक असलेल्यांची काळजी सुरू होते ती इथे.

गव्हाचा स्टार्च म्हणजे ग्लूटेनच ना?

नाही. स्टार्च कर्बोदक आहे आणि ग्लूटेन प्रथिन. गव्हाचं पीठ पाण्यात धुऊन, घुसळून स्टार्च वेगळा काढतात तेव्हा ग्लूटेन बाजूला पडतं, पण शंभर टक्के नाही. थोडा अंश स्टार्चच्या कणांना चिकटून राहतो. औषधी दर्जाच्या गव्हाच्या स्टार्चमध्ये एकूण प्रथिन किती चालेल याला युरोपियन फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या दर्जाची मानकं ठरवणाऱ्या ग्रंथाने, ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

गव्हाचं पीठ किंवा शुद्ध ग्लूटेन मुद्दाम औषधात घालणं ही वेगळी गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने, डिसेंबर २०१७ मध्ये औषधांतल्या ग्लूटेनवर मार्गदर्शक मसुदा काढला. तोंडाने घ्यायच्या ज्या औषधांत गव्हाचं ग्लूटेन किंवा गव्हाचं पीठ मुद्दाम घातलेलं आहे, असं एकही औषध तिथल्या बाजारात आपल्याला माहीत नाही, असं एफडीएने त्यात म्हटलं आहे.

मग एका गोळीत जास्तीत जास्त किती ग्लूटेन असू शकेल?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावा. निम्मी भीती तिथेच उतरते.

समजा, ५०० मिलिग्रॅम वजनाच्या गोळीत १०० मिलिग्रॅम गव्हाचा स्टार्च आहे. त्यातलं सगळं प्रथिन ग्लूटेनच आहे आणि ते कमाल मर्यादेइतकं, म्हणजे ०.३ टक्के आहे, असं धरू. १०० मिलिग्रॅमचे ०.३ टक्के म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. हा सगळ्यात वाईट शक्यता धरून केलेला हिशेब झाला. एफडीएचा अंदाजही याच पट्ट्यात आहे: गव्हाच्या स्टार्चमुळे एका मात्रेत येणारं ग्लूटेन ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी.

आता हे जेवणाशी ताडून पाहा. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेल्या खाद्यपदार्थात २० पीपीएमपर्यंत, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालतं. अशा पदार्थाच्या ३० ग्रॅममध्ये ०.६ मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे गव्हाचा स्टार्च असलेल्या गोळीत जेवढं सापडण्याची शक्यता आहे, त्याहून जास्त ग्लूटेन निर्धास्तपणे खाल्लेल्या ग्लूटेन-फ्री बिस्किटांतून पोटात जाऊ शकतं.

सुरक्षित मर्यादा नक्की किती?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, कारण प्रत्येकाच्या आतड्याची संवेदनशीलता वेगळी असते. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासाचा. पथ्य नीट पाळणाऱ्या सीलिॲक रुग्णांना ९० दिवस रोज ठरावीक ग्लूटेन दिलं गेलं. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरात बिघाड दिसला. त्यामुळे दिवसाचं एकूण ग्लूटेन ५० मिलिग्रॅमच्या बरंच खाली ठेवावं आणि १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुसंख्य रुग्णांना धोका नाही, असं बरेच तज्ज्ञ मानतात.

वरच्या हिशेबातल्या दहा गोळ्या दिवसाला घेतल्या तरी बेरीज ३ मिलिग्रॅम होते. तरीही एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ज्याला रोज, आयुष्यभर, अनेक औषधं घ्यायची आहेत, त्याने घटक तपासून घेणं रास्तच आहे. तीन दिवसांच्या अँटिबायोटिकसाठी आणि वीस वर्षांच्या थायरॉइडच्या गोळीसाठी सारखीच शोधाशोध करायची गरज नाही. वेळ आणि शक्ती रोजच्या औषधांवर घालवा.

घटकांच्या यादीत कोणते शब्द शोधायचे?

थेट विचारणा करावी असे शब्द मोजकेच आहेत. ‘व्हीट स्टार्च’ किंवा लॅटिनमधलं ‘ट्रिटिकम’ (गहू), ‘हॉर्डियम’ (जव) आणि ‘सेकेल’ (राय). ‘माल्ट’, ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ आणि ‘बार्ली’ हे सिरप आणि टॉनिकमध्ये दिसतात. ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ मुख्यतः त्वचेच्या आणि केसांच्या उत्पादनांत असतं.

दुसरा गट संदिग्ध शब्दांचा. ‘स्टार्च’ एवढंच लिहिलं असेल, पुढे वनस्पतीचं नाव नसेल, तर विचारायलाच हवं. ‘प्रीजिलेटिनाइज्ड स्टार्च’, ‘मॉडिफाइड स्टार्च’, ‘डेक्स्ट्रिन’ आणि ‘सोडियम स्टार्च ग्लायकोलेट’ हेही याच गटातले. शेवटचा बहुतेक वेळा बटाट्यापासून केलेला असतो, पण नावावरून ते कळत नाही.

माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज आणि ग्लुकोज सिरप यांनी घाबरू नका. ते गव्हापासून केलेले असले तरी प्रक्रियेत प्रथिन इतकं निघून जातं की युरोपियन युनियनने खाद्यपदार्थांच्या ॲलर्जी लेबलिंगमधून त्यांना सूट दिली आहे. माल्टोडेक्स्ट्रिनमधला ‘माल्टो’ पाहून पुष्कळ जण दचकतात, पण त्याचा जवाच्या माल्टशी काही संबंध नाही.

निर्धोक नावांची यादी खूप मोठी होईल. नेहमी दिसणारी एवढी लक्षात ठेवली तरी पुरे: मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, क्रॉसकारमेलोज सोडियम, क्रॉसपोव्हिडोन, पोव्हिडोन, हायप्रोमेलोज, लॅक्टोज, मॅनिटॉल, मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क, टायटॅनियम डायऑक्साइड, जिलेटिन. यांतला एकही धान्याच्या प्रथिनातून येत नाही. सिरपमधल्या अल्कोहोलचीही चिंता नको, कारण ऊर्ध्वपातनात प्रथिन मागेच राहतं.

खाण्याच्या पाकिटावर लिहितात तसं औषधावर का लिहीत नाहीत?

कारण दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत २००४ च्या ॲलर्जी लेबलिंग कायद्याने गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला तो खाद्यपदार्थांवर. २०१३ साली ठरलेली ‘ग्लूटेन-फ्री’ची २० पीपीएमची व्याख्याही खाद्यपदार्थ आणि पूरक आहार यांच्यासाठी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं दोन्हींच्या बाहेर राहतात. २०१७ च्या मसुद्यात एफडीएने कंपन्यांना एक वाक्य सुचवलं आहे. त्याचा आशय असा: या औषधात गहू, जव किंवा राय यांपासून बनवलेला कोणताही घटक नाही. पण ते लिहिणं ऐच्छिक आहे, आणि वाक्य दिसलं नाही म्हणून ग्लूटेन आहे असा अर्थ होत नाही.

युरोपियन युनियनमध्ये परिस्थिती जरा बरी आहे. गव्हाचा स्टार्च वापरला असेल तर रुग्णाच्या पत्रकात तसं लिहावं लागतं, आणि एका मात्रेत जास्तीत जास्त किती मायक्रोग्रॅम ग्लूटेन आहे तेही. सीलिॲकमध्ये त्रास होण्याची शक्यता अत्यंत कमी, मात्र गव्हाची ॲलर्जी असेल तर हे औषध घेऊ नये, असा त्या सूचनेचा आशय असतो.

आमच्या मते ही माहिती सगळीकडेच सक्तीची असायला हवी. कोणत्या वनस्पतीचा स्टार्च वापरला, हे बनवणाऱ्याला माहीत असतंच. ते एका ओळीत छापलं तर रुग्णाला फोन करत बसावं लागणार नाही.

पूर्ण यादी कुठे मिळते?

स्ट्रिपवर किंवा बाटलीवर ती बहुधा नसते. कधी ‘एक्सिपियंट्स क्यू.एस.’ एवढंच असतं, म्हणजे ‘इतर घटक पुरेसे’. त्यातून काहीच कळत नाही. खोक्यातलं घडी केलेलं पत्रक उघडा. अमेरिकी पद्धतीच्या पत्रकात निष्क्रिय घटक ‘डिस्क्रिप्शन’ या भागात असतात, नव्या मांडणीत तो ११ वा भाग. युरोपियन पद्धतीच्या तांत्रिक पत्रकात ६.१ हा भाग पाहा आणि धोक्याच्या सूचनांसाठी ४.४. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या औषधांची पत्रकं तिथल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘डेलीमेड’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

शोधताना औषधाच्या नावावर थांबू नका. कंपनी, मात्रा आणि प्रकार तिन्ही जुळले पाहिजेत. एकाच कंपनीच्या २५ आणि १०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत रंग आणि भर वेगळी असू शकते.

कंपनीला काय विचारायचं?

‘तुमचं औषध ग्लूटेन-फ्री आहे का?’ हा प्रश्न कमी उपयोगाचा आहे. त्याला कंपनीचा कायदा विभाग उत्तर देतो, आणि ते ‘आम्ही हमी देऊ शकत नाही’ असंच येतं. घटक कशापासून बनला ते विचारा. आधी फार्मासिस्टकडे जा, कारण बरेचदा त्याच्याकडे माहिती असते किंवा तो स्वतः फोन करू शकतो. तुम्हीच करणार असाल तर औषधाचं पूर्ण नाव, मात्रा, प्रकार आणि लॉट नंबर समोर ठेवा. पाकिटावर बनवणारी आणि विकणारी कंपनी वेगवेगळी असेल, तर उत्तर बनवणाऱ्याकडून आलं पाहिजे.

मग एकेक करून विचारा. यातला स्टार्च कोणत्या वनस्पतीचा? गहू, जव किंवा राय यांपासून बनलेला एखादा घटक यात आहे का? कॅप्सूलचं आवरण, गोळीवरचा लेप, छपाईची शाई आणि चिकटू नये म्हणून लावलेली भुकटी हेही या उत्तरात धरलं आहे का? त्याच यंत्रांवर गव्हाचे घटक असलेलं दुसरं काही बनतं का? घटकांचा पुरवठादार बदलला तर ते कळवण्याची सोय आहे का? उत्तर लेखी मागा आणि तारखेसह जपून ठेवा.

‘आम्ही ग्लूटेन घालत नाही, पण चाचणी करत नाही’ हे उत्तर आलं तर काय समजायचं?

हे उत्तर बरेचदा येतं आणि ऐकायला जितकं वाईट वाटतं तितकं ते नाही. तयार औषधाची ग्लूटेनसाठी चाचणी करण्याची पद्धतच फारशी नाही, म्हणून कंपनी हमी देत नाही. घटक गहू, जव, राय यांपासून बनलेले नाहीत एवढं स्पष्ट सांगितलं असेल, तर आम्ही ते पुरेसं मानतो. औषध कारखान्यात दोन उत्पादनांच्या मध्ये यंत्रं साफ करण्याचे नियम कडक असतात. पिठाच्या गिरणीत होते तशी सरमिसळ तिथे होत नाही.

‘माहिती गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर मात्र फार्मासिस्टमार्फत पुन्हा विचारा. सूत्र गोपनीय असू शकतं, पण स्टार्च कशाचा हे सांगायला हरकत नसावी.

जेनेरिक आणि मूळ ब्रँड यांत घटक सारखेच असतात का?

मुख्य औषध तेच आणि तेवढंच असतं. रक्तातही ते ठरावीक मर्यादेत सारखंच उतरतं हे सिद्ध करावं लागतं. निष्क्रिय घटक मात्र वेगळे असू शकतात, आणि बहुधा असतातच. म्हणून ‘अमुक औषध सुरक्षित’ अशी मित्रांकडून आलेली यादी दुसऱ्या कंपनीच्या गोळीला लागू पडत नाही. जुनी यादी त्याच कंपनीच्या गोळीलाही लागू पडेलच असं नाही.

दर वेळी औषध घेताना गोळीचा रंग, आकार आणि त्यावर कोरलेली अक्षरं पाहण्याची सवय ठेवा. बदल दिसला तर कंपनी बदलली का ते तिथेच विचारा. मानवलेली गोळी असेल तर तीच कंपनी ठेवा, अशी नोंद फार्मासिस्टला करायला सांगता येते.

माझ्या औषधात गव्हाचा स्टार्च आहे असं कळलं. बंद करू का?

नाही. आजची गोळी घ्या, उद्याचीही घ्या, आणि दरम्यान डॉक्टरांना फोन करा. फिट्स, हृदय, रक्त पातळ करणारी औषधं, स्टेरॉइड, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं: यांतलं काहीही अचानक थांबवलं तर होणारं नुकसान अर्ध्या मिलिग्रॅम ग्लूटेनच्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठं आणि लगेच होणारं असतं.

पर्याय बहुधा सापडतो: त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी, तेच औषध सिरप किंवा कॅप्सूलच्या रूपात, किंवा त्याच गटातलं दुसरं औषध. काहीच नसेल तर ठरावीक भर वापरून औषध बनवून देणारी कंपाउंडिंग फार्मसी हा मार्ग काही ठिकाणी असतो. स्वतः गोळी कुटून, कॅप्सूल उघडून ‘फक्त औषध’ वेगळं काढायचा प्रयत्न करू नका. ते होत नाही, आणि हळूहळू सुटणारी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

कंपनी बदलतानाही सावध राहा. लेव्होथायरॉक्सिन बदललं तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासावा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसाठी आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर पाहावा लागतो. फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस यांत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल नकोच.

इंजेक्शन, मलम यांचं काय?

सीलिॲकचं नुकसान लहान आतड्यात होतं, त्यामुळे प्रश्न मुख्यतः गिळलेल्या औषधांचा आहे. इंजेक्शन आणि सलाइनमध्ये स्टार्चची भर नसते. मलम, पॅच, डोळ्यांचे थेंब यांची काळजी करू नका, कारण धडधाकट त्वचेतून ग्लूटेन आत जात नाही. ओठांवर लावायचं आणि तोंडाच्या आत लावायचं औषध थोडं पोटात जातं, म्हणून ते तपासा. जिभेखाली ठेवायच्या आणि चघळायच्या गोळ्या गिळलेल्या औषधासारख्याच धरा.

घरी चाचणी करायच्या किटने गोळी तपासली तर?

पैसे वाया जातील. ही किट खाद्यपदार्थांसाठी बनवलेली असतात. गोळीतले रंग, लेप आणि आम्ल त्यांच्या रसायनात अडथळा आणू शकतात, मग नसलेलं ग्लूटेन दिसतं किंवा असलेलं लपतं. शिवाय किट पीपीएम सांगतं, आणि आपल्याला हवे असतात मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत २० पीपीएम ग्लूटेन निघालं तरी ते ०.०१ मिलिग्रॅमच असतं. एवढ्याने घाबरून कुणी औषध सोडलं, तर चाचणीनेच घात केला म्हणायचं.

गोळी घेतली की पोट बिघडतं. म्हणजे ग्लूटेन आहेच ना?

बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. नुकतंच निदान झालेल्यांच्या आतड्यात लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणारं एन्झाइम बरेचदा कमी असतं. गोळीतलं लॅक्टोज थोडंच असतं, पण अनेक गोळ्या मिळून काहींना त्रास देतं. सिरपमधलं सॉर्बिटॉल जुलाब लावतं. मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या तर स्वतःच पोट बिघडवतात.

एका औषधाचं नाव मुद्दाम घेतो: रक्तदाबाचं ओल्मेसार्टन. ते सुरू केल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थोड्या रुग्णांना तीव्र जुलाब होतात, वजन घटतं, आणि बायोप्सीत आतड्याचं अस्तर सीलिॲकसारखंच सपाट दिसतं. एफडीएने याबद्दल २०१३ मध्ये इशारा दिला. यात गोळीतल्या ग्लूटेनचा काही संबंध नाही, हा औषधाचाच परिणाम आहे. पथ्याने तो सुधारत नाही, डॉक्टरांनी औषध बदललं की सुधारतो. पथ्य काटेकोर असूनही जुलाब थांबत नसतील आणि हे औषध चालू असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

मला सीलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी आहे. हेच सगळं लागू पडतं का?

नाही. तुमच्यासाठी नियम कडक आहे. ॲलर्जीत अत्यल्प प्रथिनानेही काही जणांना लगेच गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ती ग्लूटेनखेरीज गव्हातल्या इतर प्रथिनांमुळेही येते. गव्हाचा स्टार्च असलेलं औषध टाळा आणि पर्याय ॲलर्जीतज्ज्ञाला विचारून ठरवा. उलट जव आणि राय यांची बंदी तुम्हाला आपोआप लागू होत नाही.

व्हिटॅमिन आणि पूरक गोळ्या?

इथे जास्त जागरूक राहा. व्हीटग्रास, बार्लीग्रास, व्हीट जर्म, माल्ट आणि ब्रुअर्स यीस्ट हे घटक औषधांपेक्षा इथे कितीतरी जास्त वेळा सापडतात, तेही मिलिग्रॅममध्ये नाही तर ग्रॅममध्ये. ‘ग्लूटेन-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलं उत्पादन निवडा. औषधांत असं लेबल क्वचित मिळतं, इथे मिळतं.

पथ्य सुरू केल्यावर जुन्या औषधांची मात्रा बदलते का?

बदलू शकते, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. आतडं खराब असताना औषध नीट शोषलं जात नाही. त्यामुळे निदानाआधी लेव्होथायरॉक्सिनची मात्रा वाढवत न्यावी लागते किंवा लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन हलत नाही. पथ्याने अस्तर भरून आलं की तीच मात्रा जास्त होऊ शकते. छातीत धडधड, झोप न लागणं, वजन उतरणं असं दिसलं तर लगेच टीएसएच तपासून घ्या. पथ्य सुरू केल्यानंतर पहिलं वर्षभर तुमच्या सगळ्या रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत समोर ठेवा.

रुग्णालयात दाखल व्हायचं असेल तर?

आधीच एक कागद तयार ठेवा. त्यावर निदान, नेहमीच्या औषधांची नावं कंपनीसह, आणि ज्यांचे घटक तपासून झाले आहेत त्यांच्यापुढे खूण. नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटातच घेऊन जा आणि त्या घ्यायच्या का हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. रुग्णालयातली गोळी बहुधा दुसऱ्या कंपनीची असते. आणीबाणीत दिलेल्या औषधाला ग्लूटेनच्या कारणाने नकार देऊ नका. दोन दिवसांच्या अंशमात्र ग्लूटेनने आतडं बिघडत नाही, पण उशिरा मिळालेलं औषध जीवावर बेतू शकतं. सीलिॲकची नोंद आहाराच्या तक्त्यावर झाली आहे ना, हे मात्र नातेवाइकांनी रोज तपासावं, कारण रुग्णालयात खरं ग्लूटेन येतं ते ताटातून.